बाटली वर्गाची, चित्र ज्याचे त्याचे



या वेळच्या भित्तिपत्रकात 'आमचे मत' या चौकटीत एक साधाच विषय घेतला आहे. काचेच्या रिकाम्या बाटल्या रंगवण्याचा. दिवाळीच्या सुट्टीआधी पुष्कळ शाळांत कार्यानुभवाच्या तासाला हा उद्योग चालतो. आदल्या दिवशी फळ्यावर एक ओळ लिहिली जाते, 'उद्या येताना घरून काचेची एक बाटली व रंग आणावेत.' ओळ लहानशीच आहे, पण मला आज त्या ओळीविषयीच बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाटली रंगवणे हे मुलांसाठी फार चांगले काम आहे. ते बंद करू नये. मात्र 'घरून आणा' असे कुणी म्हणू नये. बाटल्या वर्गाच्या असाव्यात आणि चित्र ज्याचे त्याचे असावे. आज बहुतेक ठिकाणी याच्या अगदी उलट होतं. बाटली ज्याची त्याची असते, आणि चित्र मात्र सगळ्यांचं एकच!

आता, घरून बाटली कुणाला आणता येते ते पाहू. आपली शाळा इंद्रायणीच्या या काठाला, खेड तालुक्यात. पूल ओलांडला की मोशी. मोशी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेली, आपण जिल्हा परिषदेतच राहिलो. पण वस्ती आता दोन्ही काठांवर सारखीच झाली आहे. मध्ये गावकऱ्यांची जुनी घरं आणि भोवताली भाड्याच्या खोल्या. चाकणच्या, भोसरीच्या कंपन्यांत कामाला आलेली कुटुंबं त्या खोल्यांत राहतात. कुणी लातूर-बीडकडचे, कुणी बुलढाण्याचे, कुणी बिहार-उत्तर प्रदेशातले. या सगळ्यांची मुलं एका बाकावर बसतात, ही आपल्या शाळेची शोभाच आहे.

गावातल्या जुन्या घरात फडताळ उघडलं की चार बाटल्या सहज निघतात. एक मधाची, एक जॅमची, एक कॉफीची, एखादी जुनी हॉर्लिक्सची, जिच्यात आजी शेंगदाणे ठेवते. आजी बाटली कधी टाकून देत नाही. भाड्याच्या खोलीत तसं नसतं. तिथे चहाची पुडी येते, तेल पिशवीतून येतं, लोणचंसुद्धा पाच रुपयांच्या पाकिटातून येतं. वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलायची, सामान टेम्पोत टाकायचं. काचसामान बाळगतो कोण?

अशा घरातली मुलगी फळ्यावरची ती ओळ वहीत उतरवून घेते आणि घरी जाऊन आईला दाखवते. आई बिचारी काय करील? एक तर दुकानातून भरलेली बाटली विकत आणील. म्हणजे एका तासापायी घरातल्या भाजीचे पैसे गेले. नाही तर म्हणेल, 'उद्या राहू दे शाळा, पोट दुखतंय म्हणून सांग.' कार्यानुभवाच्या दिवशी एखादं मूल नेमकं गैरहजर का राहतं, याचं उत्तर कधी कधी असं त्या फळ्यावरच असतं.

मुलं आणखी एक मार्ग शोधतात, आणि तो सगळ्यांत वाईट. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला, ढाब्यांच्या मागे बाटल्यांचे ढीग पडलेले असतात. तिथून उचलून आणायची! त्या दारूच्या बाटल्या. काही फुटलेल्या, काहींत काय होतं कुणास ठाऊक. पाय कापतो, हात कापतो. आणि वर्गात कुणी आकारावरून ओळखली की हसू होतं ते निराळंच. कंपनीतून आलेल्या रसायनाच्या बाटलीचं तर नावच काढू नये. ती कितीही धुतली तरी घरात आणण्याजोगी होत नाही.

म्हणून मी म्हणते, बाटल्यांची पेटी करू या.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. आपल्या जवळच, चाकणहून जो रस्ता तळेगाव दाभाड्याला जातो त्याच्या टोकाला, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच तत्त्वावर काचेचा एक अख्खा कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी लोकांना सांगितलं की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. एक पैसा! त्या काळीसुद्धा एक पैसा म्हणजे मोठी रक्कम नव्हती. पण ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याच्याकडून पुष्कळ घ्यायचं, असा तो हिशेब नव्हता. सगळ्यांनी थोडंथोडं द्यायचं आणि त्यातून सगळ्यांचं काम करायचं, असा होता. लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिलं. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशात काचविद्या शिकून आलेले गृहस्थ तिथे व्यवस्थापक होते. तिथे नुसती काच तयार झाली नाही, काचेचं काम जाणणारी माणसंही तयार झाली. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. ओगलेवाडी हे गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. 'प्रभाकर' कंदील तिथलाच. वीज नव्हती तेव्हा कितीतरी घरांतली मुलं त्याच्या उजेडात अभ्यास करीत.

बघा, म्हणजे काच हा आपल्याला काही परका विषय नाही. आपल्याच तालुक्याच्या शेजारी, एकेक पैसा जमवून लोकांनी काच केली. मग आपल्याला एकेक बाटली जमवून वर्गाची पेटी करता येणार नाही का?

पेटी अशी करावी. जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात एक लाकडी खोकं ठेवायचं, तळाशी गोणपाट घालायचा. ज्याच्या घरी बाटली रिकामी होईल त्याने ती धुऊन आणून द्यायची. कुणी किती दिल्या याची यादी करायची नाही. नाव लिहायचं नाही. दिवाळीपर्यंत पुरेशा बाटल्या जमतात. कमी पडल्या तर गुरुजींनी, बाईंनी आपल्या घरच्या आणाव्यात. किराणा दुकानदार, चहावाले यांना सांगून ठेवावं. मग तासाच्या दिवशी प्रत्येकाने पेटीतून एक उचलायची. आणि एकदा रंगवली की ती बाटली रंगवणाऱ्याची. देणाऱ्याने 'ती आमची होती' असं म्हणायचं नाही. पैसा फंडात पैसा देणारा कुणी कारखान्यात जाऊन 'माझा पैसा कुठे आहे?' असं विचारीत बसला नसेल!

याच्यावर काही पालक म्हणतील, 'आमच्या मुलाने चांगली बाटली द्यावी आणि दुसऱ्याने ती घेऊन जावी, हे कसलं?' त्यांना माझं सांगणं एवढंच, की ती बाटली तुम्ही नाही तरी भंगारवाल्यालाच देणार होता. त्याचे फार तर एक-दोन रुपये आले असते. पण आपल्या घरातली वस्तू बाकावरच्या सोबत्याच्या घरात गेली आणि तिथे तिच्यात साखर राहू लागली, ही गोष्ट मुलाला वर्षभर लक्षात राहील.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. 'काच फुटते. लहान मुलांच्या हातात काच कशाला? प्लॅस्टिकची बाटली द्या.' या भीतीत तथ्य आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण मला असं वाटतं की फुटणारी वस्तू हाताळायला शिकणं हाच या कामातला मोठा धडा आहे. प्लॅस्टिकची बाटली मूल फेकतं, आपटतं, तिच्यावर पाय देतं. काचेची बाटली हातात आली की तेच मूल सावकाश चालू लागतं. घरी आई भांडी घासताना काचेचा ग्लास कसा धरते, हे त्याला त्या दिवशी कळतं. मात्र त्यासाठी शिस्त हवी. काम बाकावर बसून नको, खाली सतरंजीवर मांडी घालून बसावं. म्हणजे निसटली तरी उंचावरून पडणार नाही. बाटलीचा काठ फुटका आहे का हे डोळ्यांनी पाहावं, बोट फिरवून पाहू नये. फुटलीच तर मुलांनी तुकडे गोळा करायचे नाहीत, ते मोठ्यांनी झाडू आणि सुपलीने भरायचे आणि जाड कागदात गुंडाळून ठेवायचे. आणि पहिली-दुसरीच्या मुलांना हे काम देऊ नये. त्यांना मातीच्या पणत्या आहेत. चौथीपासून पुढे काच द्यावी.

पणत्यांवरून आठवलं. मुलांनो, हा प्रयोग करून पाहा. मातीच्या पणतीवर पाण्याचा एक थेंब टाका. तो आत जिरतो. काचेवर टाका. तो जिरत नाही, ओघळतो. म्हणून पणती रंगवणं सोपं आणि काच रंगवणं अवघड. माती रंग पिते, काच पीत नाही. काचेवर रंग नुसता बसतो आणि काच जरा जरी तेलकट असली तरी तो बसतही नाही. तेव्हा निम्मं काम रंगवण्याच्या आधीचं आहे. बाटली कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवावी, वरचा कागद सुटतो. चिकटा राहिला तर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा कालवून चोळावा. मग साबणाने तेल पूर्ण काढावं, कोरडी करावी, आणि त्यानंतर तिला पोटाकडून धरू नये. आपल्या बोटांनाही तेल असतं! आत दोन बोटं घालून किंवा तोंडाशी धरून रंगवावी.

रंग कोणते घ्यावेत? दुकानात काचेसाठीचे खास रंग डबीत मिळतात. ते छान असतात, पण महाग असतात. तेच आणा असं सांगितलं की पुन्हा आपण त्या फळ्यावरच्या ओळीशी आलो. म्हणून रंगही वर्गाचेच असावेत. ॲक्रिलिकच्या सहा बाटल्या घेतल्या तर अख्ख्या वर्गाला पुरतात. तेही नसले तर पोस्टर कलरमध्ये थोडं फेव्हिकॉल मिसळावं. ते काचेला धरतं. फक्त ती बाटली मग धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची नाही. पहिला हात पातळ द्यावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा. घाईने जाड थर दिला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. गोठ्यात, माळ्यावर पडलेल्या जुन्या डब्यातला ऑईलपेंट मुलांच्या हाती देऊ नये. पूर्वीच्या अशा कितीतरी रंगांत शिसे असायचे. शिसे पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. २०१६ साली केंद्र सरकारने नियम केला की घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. डबा त्याच्याआधीचा असेल तर आत काय आहे याचा भरवसा नाही. आणि रंग कोणताही असो, बाटलीच्या आत लावायचा नाही, काठाला लावायचा नाही. वरून दोन बोटं जागा मोकळी सोडायची. बाटलीत उद्या कुणाच्या तरी घरची साखर जाणार आहे.

आता चित्राविषयी. हा भाग मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

बहुतेक वेळा काय होतं? फळ्यावर एक नमुना काढला जातो. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक नदी, एक झोपडी, दोन नारळाची झाडं. किंवा मग सूर्यफूल. चाळीस मुलं चाळीस बाटल्यांवर तेच काढतात. मग त्या ओळीने मांडल्या जातात आणि ज्याच्या रेघा सरळ त्याला पहिला नंबर. पहिला नंबर आलेल्या बाटलीवर पुष्कळदा टिकल्या, आरसे, सोनेरी लेस असते, आणि ती कुणाच्या हातची हे सांगायला नको. मुलाची आई बक्षीस घ्यायला आली असती तर जास्त शोभलं असतं!

मुलांनो, आपल्या गावाकडून सूर्य काही दोन डोंगरांतून उगवत नाही. नारळाची दोन झाडं आपल्या नदीकाठी कुणी पाहिली आहेत? आपल्याकडे काय काय आहे ते बघा की. चाकणच्या बाजारातला कांद्याचा ढीग आहे. बैलगाड्याचा घाट आहे. पहाटे वडिलांना न्यायला येणारी कंपनीची बस आहे. मोशीच्या उपबाजारात भाजी घेऊन निघालेला टेम्पो आहे. जेसीबी तर लहान मुलांना देवासारखा वाटतो. आणि जो मित्र बिहारमधून आला आहे त्याच्या गावी छठपूजेला नदीत उभं राहून सूर्याला अर्घ्य देतात, त्याने ते काढावं. जिचे आजोबा उस्मानाबादकडे, म्हणजे आताच्या धाराशिवकडे, शेती करतात तिने त्यांची विहीर काढावी. फळ्यावर नमुना नसला म्हणजे पहिली दहा मिनिटं मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. बसू द्यावीत. अकराव्या मिनिटाला कुणीतरी रेघ ओढतंच.

बाटलीची आणखी एक गंमत आहे. कागदाला डावी बाजू असते, उजवी बाजू असते. बाटलीला ती नसते. चित्र फिरत फिरत जिथून निघालं तिथेच येतं. म्हणून बाटलीवर दिंडी फार छान दिसते. आळंदीहून निघालेले वारकरी बाटलीभोवती चालत राहतात, आणि शेवटच्या वारकऱ्याच्या पुढे पुन्हा पहिला पताकावाला! हे काम सोपं करायची एक युक्ती सांगते. आधी आपलं चित्र कागदाच्या पट्टीवर काढा. ती पट्टी बाटलीत आतून काचेला लावून ठेवा आणि बाहेरून रंगाने गिरवा. ज्यांना रेघ जमत नाही म्हणून रडू येतं त्यांनाही हे जमतं, आणि तरी चित्र स्वतःचंच राहतं.

काचेवर रंगवणं ही कला जुनी आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे जुनी काचचित्रं आहेत. सहल गेली तर ती नीट पाहा. ती चित्रं काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली असतात आणि आपण पुढून पाहतो. त्यामुळे सगळंच उलटं करावं लागतं. कागदावर आपण आधी चेहरा काढतो आणि दागिने मागाहून. तिथे आधी नथ, मग नाक! आधी कपाळावरचं कुंकू, मग कपाळ, आणि अगदी शेवटी मागची भिंत. एकदा वर रंग चढला की खालचं दुरुस्त करता येत नाही. हे काम करणारा माणूस हात लावण्याआधी डोक्यात चित्र किती स्पष्ट पाहत असेल, विचार करा.

शेवटी बाटलीचं पुढे काय होतं ते बोलते. प्रदर्शन संपलं की रंगवलेल्या बाटल्या शाळेच्या कपाटावर जातात, तिथे त्यांच्यावर धूळ बसते, आणि मार्चमध्ये सफाईत त्या बाहेर पडतात. पुढचा मुक्काम कचरा. मोशीचा कचरा डेपो आपण सगळ्यांनी पाहिला आहे, निदान वास तरी घेतला आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी तिथल्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. रोज ७०० टन कचरा घेऊन सुमारे १४ मेगावॉट वीज करण्याची त्याची क्षमता आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण काच जळत नाही. ती कुजतही नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून केलेली ही वस्तू आहे, ती एक तर पुन्हा भट्टीत जाऊन वितळावी, नाही तर कुणाच्या तरी उपयोगात राहावी. कचऱ्यात गेली तर ती तिथेच पडून राहणार, आणि कचरा वेचणाऱ्या बाईचा हात कापणार.

तेव्हा रंगवलेली बाटली त्याच दिवशी घरी जाऊ द्यावी. बक्षीस नको, नंबर नको. तिच्यात काय ठेवायचं ते आईने ठरवावं. मीठ, मोहरी, बटणं, सुटे पैसे, काहीही. पैशांची बाटली केली तर फारच उत्तम. दिवा ठेवायचा असेल तर रुंद तोंडाची बाटली घ्यावी, तळाशी वाळू घालावी आणि मोठं माणूस जवळ असावं. काच एका जागी एकदम तापली की तडकते. शिवाय दिव्याच्या बाटलीवर रंग सगळीकडे भरू नये, मधे मधे काच कोरी सोडावी. उजेड बाहेर यायला तीच वाट.

गुरुजी, बाई आणि पालक, आपल्या सर्वांना माझी विनंती आहे. या वर्षी फळ्यावर ती ओळ लिहू नका. तिच्या जागी अशी ओळ लिहा: 'ज्याच्या घरी रिकामी बाटली असेल त्याने पेटीत टाकावी. उद्या सर्वांनी यावे.'

आणि मुलांनो, आजपासून पेटी पाचवीच्या वर्गात खिडकीखाली ठेवली आहे. बाटली धुऊन आणा, हळू ठेवा. कुणी आणली हे कुणी विचारणार नाही.